बाल्टिक देशांची नाताळगीते एकाच भाषेतली नाहीत

‘एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया हे तिन्ही देश नाताळची गाणी एकाच बाल्टिक भाषेत गातात आणि ही प्रथा सोव्हिएत काळात रुजली,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातली एकही गोष्ट खरी नाही.

लाटव्हियन आणि लिथुआनियन या बाल्टिक भाषा आहेत, पण वेगवेगळ्या. एस्टोनियन तर फिनिश भाषेची नातलग आहे. १८१८ साली ऑस्ट्रियात प्रथम गायले गेलेले ‘सायलेंट नाइट’ तिन्ही देशांत आपापल्या भाषेत गातात: एस्टोनियनमध्ये ‘प्युहा ओओ’, लाटव्हियनमध्ये ‘क्लुसा नाक्त्स’, लिथुआनियनमध्ये ‘टीली नाक्टिस’.

त्याहून मोलाची आहेत ती लोकगीते. लाटव्हियात डिसेंबरमधल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास ओंडका ओढत घरोघर फिरताना ‘कालादू’ हे पालुपद म्हणतात. लिथुआनियाच्या झूकिया भागातल्या नाताळपूर्व गीतांत ‘लेलियूमाय’ हे पालुपद येते. सोव्हिएत राजवटीने तर नाताळच्या जाहीर उत्सवावर बंदी घातली होती. सण टिकला तो घराघरांत. ज्यांनी तो दडपला, त्यांनाच त्याचे श्रेय देणे हा त्या कुटुंबांवर अन्याय आहे. मजकूर पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही पाठवा.