मास्तरच्या झाडाले लाल्या

आमच्या गावात पानाफुलांचा लाल रंग दोनच ठिकाणी दिसतो. पळस फुलतो तेव्हा, आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, पानं लाल करणारा लाल्या रोग येतो तेव्हा. तिसरं ठिकाण मी मोर्शी तालुक्यात कुरिअरनं मागवलं.

झालं असं की मोबाईलवर क्योटोच्या कुठल्याशा देवळाचा फोटो दिसला. दगडी पायऱ्या, त्यांवर शेवाळ, आणि बाजूला कमरेएवढं एक झाड. फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, पानं झालरीसारखी चिरलेली, रंग गर्द डाळिंबी. जपानी मेपल, त्यातही फांद्या खाली सोडणारा प्रकार. इंग्रज त्याला रडणारं झाड म्हणतात. रात्री बारापर्यंत मी वाचत बसलो. एसर पामेटम हे नाव ठुनबर्ग नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं १७८४ साली दिलं. जपानीत त्याला काएदे म्हणतात, आणि त्या शब्दाचं मूळ 'बेडकाचा हात' असं आहे. 'थंड हवामान लागतं' हेही वाचलं होतं. पण शाळेत आलेली परिपत्रकं मी जशी वाचून फायलीत लावतो, तसं तेही लावून टाकलं.

जानेवारीत खोकं आलं. पहाडातल्या नर्सरीतून आलेलं, म्हणजे आत पानगळ झालेलं रोप. आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"काडी हाय हे."

"आई, पानं मार्चपर्यंत येतील."

"केवढ्याची?"

आकडा निम्मा करून सांगायचा, हे लग्नानंतर शिकलो होतो. पण घाईत खरंच बोलून गेलो, "अठराशे."

"अवं माय! वावरात धा एकर पऱ्हाट्या उभ्या हायेत अन् तू काडी इकत आणतं?"

बाबांनी मात्र बुडाशी असलेली गाठ बरोब्बर हेरली. आमच्याकडे संत्र्याची बाग आहे, जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "कलम हाय," ते म्हणाले, आणि पेपरात डोकं घातलं. घरात त्या झाडाला मिळालेली ती एवढीच मान्यता.

काळ्या मातीत ते लावायची सोय नव्हती. आपली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत चप्पल जाईल, आणि या झाडाला हवी आंबट, भुसभुशीत. म्हणून मोठी कुंडी, पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट. पाणीही आंबट बरं म्हणे. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, तेव्हा रोज बादलीत अर्धं निंबू पिळायला लागलो. गल्लीत बातमी पसरली की मास्तर झाडाले शरबत पाजून राह्यला.

फेब्रुवारीच्या शेवटी डोळे फुटले. अगदी बारीक, लाल, ओल्या रेशमासारखी पानं निघाली. एकेक पान सात बोटांचं, प्रत्येक बोट पुन्हा कातरलेलं. शाळेतून आलो की मी आधी कुंडीजवळ उकिडवा बसायचो, मग चहा. मोजून अकरा दिवस मी सुखात होतो.

बाराव्या दिवशी शेजारचे काका कुंपणावरून वाकले. "मास्तर, लाल्या आला जी याले."

मी समजावलं की हा रंगच आहे. त्यांनी पान बोटात धरलं. "अन् हे? आळीनं पुरं चाळून टाकलं."

"काका, पान असंच असतं."

"अन् फांद्या काऊन पडल्या? तुरीले मर लागते त अशीच मान टाकते." लाल्या, अळी आणि मर एकाच झाडावर पाहून त्यांना माझी खरोखर कीव आली. एवढ्या रोगांचं झाड पैसे देऊन आणणारा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

जपानात म्हणे शरद ऋतूत ही लाल पानं पाहायला लोक बायकापोरांसह डोंगरात जातात, त्याला मोमिजीगारी असा खास शब्द आहे. आमच्याकडे लाल पान पाहायला फक्त कृषी सहायक येतो, तोही चार फोन केल्यावर. गंमत अशी की दोन्हीकडचं रंगद्रव्य एकच, अँथोसायनिन. हे मी कृषी केंद्रात सांगायला गेलो. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि मॅग्नेशियम सल्फेटची पुडी पुढे ठेवली. "याच्यासंग दोन टक्के डीएपी मारा." पुडी घेतली. नाही म्हणालो असतो, तर त्यानं मर रोगाचंही औषध काढलं असतं.

मी फवारलं नाही. पण एप्रिल लागला, ऊन चढलं, आणि या जातीची लाल पानं उन्हाळ्यात फिकी पडतात तशी ती हिरवट झाली. काका कुंपणावर हजर. "पाह्यलं? मॅग्नेशियमनं लाल्या गेला!" पुढचे आठ दिवस त्या झाडाचा दाखला देऊन कृषी केंद्रात पुड्या खपत होत्या.

मरीवरचा इलाज आईनं स्वतः केला. केंद्रप्रमुखांची बैठक उरकून घरी आलो तर कुंडीत पाच पऱ्हाट्या रोवलेल्या आणि झाडाची एकेक फांदी सुतळीनं वर ताणून बांधलेली. क्योटोचं ते लाजरं झाड दोन्ही हात वर करून उभं होतं, गृहपाठ न केलेल्या पोरासारखं.

"वाकून वाकून कंबर गेली असती त्याची," आई म्हणाली. मी रात्री सुतळी सोडायचो, ती सकाळी बांधायची.

मग नवतपा लागला. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस. पारा ४६ वर. पानांच्या कडा आधी तपकिरी, मग कुरकुरीत, पापडासारख्या. हिरवी नेट दुहेरी केली. तरी भागेना, तेव्हा बैठकीतला कूलर ओढून कुंडीकडे वळवला. बाबा बंडी काढून दारात बसले होते. बराच वेळ ते कूलरकडे पाहत राहिले.

"शरबत झालं. कूलर झाला," ते म्हणाले. "आता याले मच्छरदानी लाव."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, ती रात्री आली.

जूनच्या पहिल्या पावसानंतर बाबांनी नखानं साल खरवडून पाहिली. वर सगळं कोरडं. गाठीच्या खाली मात्र एक फुटवा निघाला होता: हिरवागार, सरळ, साध्या पानांचा. "कलम गेली," बाबा म्हणाले. "खुंट जगला."

आई खूश झाली. इतके दिवस जे करून पाहत होती ते झाडानं आपणहून केलं होतं. "आता कसं झाडावानी झाड दिसते," म्हणत तिनं पऱ्हाट्या उपटल्या, वरच्या वाळल्या फांद्या मोडल्या आणि सगळी मोळी चुलीपाशी नेली.

त्या संध्याकाळचा चहा मला अठराशे रुपयांना पडला. कूलरचं बिल वेगळं.