उणिवांचा दाखला

सिस्टर, जर्मनीला जायचं पक्कं झालं असेल तर पहिलं काम म्हणजे नवऱ्याशी जरा बोलून घ्या. लग्नात नाव बदलायला नको होतं. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. आईचं वेगळ्या रकान्यात. नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर नाव माहेरचंच, पण आडनाव मागे गेलेलं. पासपोर्टवर सगळं सासरचं. ही फाइल तिकडच्या टेबलावर उघडते तेव्हा साहेबाला एक नर्स दिसत नाही. तीन बायका दिसतात, आणि त्यांतल्या नेमक्या कुणाला नोकरी हवी आहे ते कळत नाही. राजपत्रात छापून आणा, तेवढाच फाइलला आणखी एक कागद.

मग कॉलेजात जा. कुठला विषय किती तास शिकलात, त्यातले वर्गात किती आणि वॉर्डात किती, असं पत्र मागा. क्लार्क तुमच्याकडे असं बघेल, जणू त्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला आलात. प्राचार्य रजेवर, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे. (माझी एक मैत्रीण चौथ्या खेपेला पेढे घेऊन गेली. पेढे संपले, पत्र पाचव्या खेपेला मिळालं.) पत्र इंग्रजीत आहे म्हणून खूश होऊ नका. ते जर्मनमध्ये करायला शपथ घेतलेला भाषांतरकार लागतो आणि तो ओळीवर पैसे लावतो. अॅनाटॉमीच्या पहिल्या युनिटपर्यंत पोचताना मंगळसूत्राची आठवण येईल.

एजंट अपोस्टिल करून घ्यायला सांगेल, म्हणजे कागद खरा असल्याचं, आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी मानायचं सरकारी लेबल. जरूर करा. भारत त्या करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे आपल्या अपोस्टिलला जर्मनीत करारापुरता तरी आधार नाही. पण डिग्रीच्या पाठीवर ते लेबल दिसतं छान, आणि एजंटालाही पोट आहेच.

अर्ज कुठे करायचा हे विचारू नका. जर्मनीत 16 राज्यं आहेत, आणि परिचारिका म्हणून मान्यता देणारं कार्यालय ज्या त्या राज्याचं. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या त्यांतल्याच एका राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, फोटोही निघाले. फोटोतल्या कुणालाही तासांचं पत्र लागलं नाही. निर्णयाला कायद्याने मुदत आहे, काही महिन्यांचीच. फक्त घड्याळ सुरू होतं कागद पूर्ण झाल्यावर, आणि ते कधी पूर्ण झाले हे ठरवणार तेच कार्यालय.

एवढं झालं की पाकीट येतं. त्यातल्या कागदाला म्हणतात डेफिझिटबेशाइड. मराठीत सांगायचं तर उणिवांचा दाखला, तुमचं शिक्षण तिथल्यापेक्षा कुठे कमी पडतं त्याचा. आपल्याकडे हे काम सासू तोंडी करते, तिकडे सहीशिक्क्यासह लेखी मिळतं. तिथल्या शिक्षणात वर्गातले 2100 आणि प्रत्यक्ष कामाचे 2500 तास, तीन वर्षांत. तुमची बी.एस्सी. चार वर्षांची. चार हे तीनपेक्षा मोठे असतात हे गणित मुंबईच्या विमानतळावर सोडून गेलात तर त्रास कमी होईल. उणीव बहुतेक म्हाताऱ्यांची शुश्रूषा, अंघोळ घालणं, भरवणं असल्या कामांत निघते. इथे ते नातेवाईक करतात, नाहीतर वॉर्डातल्या मावशी. नाइटला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलात, तीन सलाईनं एका वेळी लावलीत, डॉक्टर येईपर्यंत पेशंट जिवंत ठेवलात, त्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

दाखला मिळाला की दोन वाटा: काही महिन्यांचा भरपाईचा अभ्यासक्रम, नाहीतर परीक्षा. 2024पासून आणखी एक सोय झाली आहे. कागदांची तपासणीच नको असं लिहून द्यायचं आणि सरळ परीक्षेला बसायचं. उणिवा आहेत हे आपणच आधी कबूल केलं की शोधणाऱ्यांचा वेळ वाचतो. आपल्याकडच्या सुना हे कधीच्या शिकल्या आहेत.

जर्मनही हवंच, बी-टू नावाच्या पातळीपर्यंत. पुण्यात दत्तक घेतल्यासारखं शिकवणारे क्लास आहेत. तिथे तुम्ही ट्रेन चुकल्याबद्दल तक्रारीचं पत्र लिहायला शिकाल. ‘आजोबा, कुशीवर वळता का?’ हे वॉर्डात शिकाल, आणि तेही आजोबांच्या बोलीत, जी पुस्तकात नसते.

मान्यता येईपर्यंत तुमची जागा मदतनिसाची, पगारही तोच. तिथेही पूर्वी नर्सला श्वेस्टर, म्हणजे बहीणच म्हणत. 2020पासून नवा हुद्दा आहे, फ्लेगेफाखफ्राउ. तो उच्चारता आला तरी लावता येणार नाही, तेवढं सांभाळा.

आणि एक दिवस असा येईल की एखाद्या आजींची शीर सापडत नसेल. कोवळा डॉक्टर तिसऱ्यांदा टोचत असेल. तुम्हाला ती शीर दारातूनच दिसेल, मनगटाच्या वर, जराशी डावीकडे. हात खिशात घाला. युनिफॉर्मला खिसे चांगले मोठे असतात. डॉक्टरने ट्रे मागितला तर ट्रे द्या. आजींनी तुमच्याकडे बघितलं तर म्हणा, ‘इख बिन नुअर हेल्फरिन.’ मी फक्त मदतनीस. एवढं वाक्य बी-टू न होताही येतं.