स्वप्नातले भाऊसाहेब

लोकांच्या स्वप्नात देव येतो, गेलेली आजी येते, नाहीतर लॉटरीचा नंबर येतो. माझ्या स्वप्नात कुकर येतो. तोही सरळ कुकर म्हणून नाही, वेषांतर करून.

नमुना सांगतो. चिपळूण स्टेशन. मी खाली उतरून बटाटेवडे घेतोय. गाडीत बायको, चार बॅगा आणि सासूबाई. शिट्टी होते. मी धावायला बघतो, पाय उचलत नाहीत. दुसरी शिट्टी. गाडी जागची हलत नाही. तिसरी झाल्यावर गार्ड हिरवा झेंडा काखोटीला मारतो, डब्यातून डोकं बाहेर काढतो आणि हुबेहूब आमच्या हिच्या आवाजात ओरडतो, "मने, तीन झाल्या! गॅस बंद कर!" मग सगळे प्रवासी खाली उतरतात आणि डाळ शिजली म्हणून एकमेकांचं अभिनंदन करतात.

आमचा फ्लॅट डोंबिवलीत, पहिल्या मजल्यावर, बेडरूम रस्त्याच्या अंगाला. घेताना बिल्डर म्हणाला होता, हवा फार छान येते. येते. हवेबरोबर बाकीचंही येतं. रात्री 10 ते सकाळी 6 लाऊडस्पीकर बंद, असा 2000 सालापासून नियम आहे. तो आमच्या भागात कसोशीने पाळला जातो की नाही ते सोडा, पण सहा वाजले की मात्र सगळे तुंबलेले आवाज एकदम सुटतात. पाण्याचा पंप कण्हायला लागतो, दूधवाला क्रेट आपटतो, एसीच्या डब्यावर कबुतरं घुमतात, सिलिंडरवाला सिलिंडर गडगडवत आणतो, आणि शेजारच्या रीडेव्हलपमेंटचं पायलिंग तर आता घरचंच झालंय.

एवढ्यात माणूस जागा व्हायला हवा. मी होत नाही, कारण माझ्या डोक्यात एक भाऊसाहेब बसलेले आहेत. सरकारी कचेरीत असतात तसे, आवक-जावकच्या टेबलावर. बाहेरून कुठलाही आवाज आला की ते तो साहेबांपर्यंत जाऊच देत नाहीत. आवक नंबर टाकतात, एखाद्या चालू फायलीला टाचतात आणि 'निकाली' असा शेरा मारतात. साहेब, म्हणजे मी, घोरत असतो. फ्रॉइडने म्हणून ठेवलंय की स्वप्न हा झोपेचा राखणदार असतो. त्याला आमचे भाऊसाहेब भेटले असते तर त्याने नक्की चहा पाजला असता.

त्यांची फाइल टाचण्याची रीत अफाट आहे. घंटागाडी आली की घरात सत्यनारायण सुरू. मी सोवळं नेसून पाटावर, गुरुजी घंटा वाजवतायत, वाजवतायत, थांबायचं नाव नाही. मग खणखणीत आवाजात सांगतात, "यजमान, ओला कचरा उजव्या हाताने, सुका डाव्या हाताने. मम म्हणा." मी भक्तिभावाने मम म्हणतो. मोठ्याने म्हणतो, असं घरचे सांगतात.

खालच्या पार्किंगमधल्या एका गाडीला मागे घेताना बोलायची सवय आहे. आधी ट्यूं ट्यूं, मग एक बाई इंग्रजीत सावध करते, की हे वाहन मागे येत आहे. त्या दिवशी भाऊसाहेबांनी माझ्या लग्नाची फाइल काढली. सप्तपदी चाललेली, सनई वाजतेय, आणि माइकवरून ती बाई सांगतेय की मागे या. आम्ही दोघं आज्ञाधारकपणे उलटं चालायला लागलो. सातवं पाऊल, सहावं, पाचवं, करत करत पहिल्यावर आलो, तिथून थेट अंतरपाटाच्या अल्याडपल्याड. मग ही तिच्या मामाबरोबर मांडवाबाहेर गेली. जाताना इतकी प्रसन्न दिसत होती, की खऱ्या लग्नातल्या फोटोंतही तसं तेज नाही.

यात मला एक कोडं पडायचं. शिट्टी व्हायच्या आधीच मी चिपळूणला कसा पोहोचलेला असतो? वडे सांगून झालेले, सुट्ट्या पैशांवरून वाद झालेला, आणि मग बरोब्बर वेळेवर शिट्टी. भाऊसाहेबांना आधीच कसं कळतं?

हे कोडं जुनं आहे. आल्फ्रेड मोरी नावाच्या एका फ्रेंच विद्वानाने 1861 साली आपलं स्वप्न छापलं. तो आजारी, अंथरुणात, उशाशी आई बसलेली. स्वप्नात फ्रेंच राज्यक्रांती, रक्तपात, मग याला पकडतात, न्यायासनासमोर उभा करतात, रोबेस्पिएर वगैरे मंडळी जाब विचारतात, शिक्षा होते, गर्दीतून वधस्तंभाकडे मिरवणूक निघते, गिलोटिनचं पातं सुटतं, मुंडकं धडावेगळं होतं. दचकून उठतो तर पलंगाची वरची दांडी मानेवर पडलेली. म्हणजे एवढी सगळी क्रांती दांडी पडल्यापासून डोळे उघडेपर्यंत झाली, असं त्याचं म्हणणं. मला विचाराल तर आई शेजारी बसलेली असताना पोराच्या मानेवर दांडी पडते, हा खरा तपासाचा मुद्दा आहे.

पुढे शिकागोत 1953 साली असेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेतला तो काळ शोधून काढला, ज्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळं भिरभिरतात. त्यात माणसाला उठवलं तर तो बहुधा स्वप्न सांगतो. 1957 मध्ये क्लाइटमन आणि डिमेंट यांनी लोकांना कधी पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी उठवून विचारलं, स्वप्न किती वेळ चाललं होतं? बहुतेकांनी बरोबर सांगितलं. म्हणजे स्वप्नातलं घड्याळ साधारण आपल्याच वेळेने चालतं, क्षणात अख्खी राज्यक्रांती उरकत नाही. मग चिपळूणचं काय? माझा संशय असा, की भाऊसाहेब मागील तारखेने नोंदी करतात. शिट्टी झाली की स्टेशन उभं करायचं, वडे मांडायचे, आणि वर तारीख पंधरा मिनिटं आधीची टाकायची. कचेरीत आयुष्य काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

डिमेंट आणि वॉल्पर्ट यांनी 1958 मध्ये आणखी एक उद्योग केला. स्वप्न पाहणाऱ्यांना आवाज ऐकवला, डोळ्यांवर दिवा मारला, अंगावर पाण्याचा फवारा उडवला, आणि यातलं काय स्वप्नात शिरतं ते पाहिलं. आवाज शिरला अवघा 9 टक्के वेळा, उजेड 23 टक्के, आणि पाणी 42 टक्के! एकाला तर स्वप्नात नाटक चालू असताना नटी कोसळलेली दिसली आणि नाट्यगृहाचं छप्पर गळायला लागलं.

हे वाचून मला माझी आई आठवली. शाळेच्या दिवसांत ती दोन हाका मारायची, आणि तिसरीला देवपूजेच्या तांब्यातलं पाणी तोंडावर. मला पुराची स्वप्नं पडायची. घर वाहून चाललंय, मी दप्तर डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि पलीकडच्या काठावरून कोणीतरी धीरगंभीर आवाजात संस्कृतमधून मदतकार्याची माहिती देतंय. तो वडिलांचा ट्रान्झिस्टर. सहा पंचावन्नच्या बातम्या. 'इयम् आकाशवाणी' ऐकल्यावर अजूनही मला ओलं झाल्यासारखं वाटतं.

आवाज स्वप्नात घुसो न घुसो, जागं करायचा एक खात्रीचा उपाय म्हणजे माणसाचं नाव घेणं. 1960 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी झोपलेल्यांना नावांची यादी ऐकवली, तर इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला माणूस जास्त चाळवतो असं दिसलं. आमच्याकडे तिथेच घोडं पेंड खातं. मला घरात नावाने हाक मारणारी माणसं राहिली नाहीत. मुलं बाबा म्हणतात, आणि ही 'अहो' म्हणते. आता 'अहो' या हाकेने उठायचं तर बिल्डिंगमधले समस्त नवरे उठून बसतील. भाऊसाहेब तो कागद 'आपल्या कार्यालयाशी संबंधित नाही' म्हणून परत करतात. एकदा हिने वैतागून पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आडनावापर्यंत. मी उठलो, पण स्वप्नात. दहावीचा निकाल लागत होता.

शेवटी डिसेंबरात सगळ्यांनी ठरवलं की याला जरा शांत ठिकाणी न्या. कुडाळजवळच्या एका खेड्यात घरगुती राहण्याजेवणाची सोय होती. माडाची बाग, कौलारू खोली, पंप नाही, पायलिंग नाही. जेवण फर्मास. नऊला आडवा झालो. आणि गोची झाली. भाऊसाहेबांच्या टेबलावर एक कागद येईना. रिकामा बसलेला कारकून फार वाईट. त्यांनी खालच्या कपाटातून वर्षानुवर्षं पडून असलेली प्रकरणं काढायला सुरुवात केली. चुकलेला विम्याचा हप्ता, बीजगणिताचा पेपर, मेव्हण्याला दिलेले आणि परत न आलेले पैसे, सगळ्यांवर एकेक करून साहेबांची सही पाहिजे म्हणून मला उठवत राहिले. पहाटे चारला मी अंगणात येऊन बसलो.

यजमान विहिरीवर निघाले होते. मी म्हटलं, "काका, इथे सकाळी काहीच आवाज होत नाही का हो? निदान कोंबडा तरी?"

"होतो मां एक," ते कळशी खांद्यावर घेत म्हणाले. "मागच्या पाव्हण्यांनी तक्रार केल्यानी, झोप मोडता म्हणान. काल रात्री तुम्ही वड्यांवांगडा खाल्ल्यात, तो तोच."