दोन वायर घातल्या म्हणून काम डबल होत नाही

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझ्या भाच्याचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, गेट, ट्रॉली, ट्रस असं काम. परवा रात्री साडेदहाला त्याचा फोन, "मामा, किटचा बयाणा देऊन टाकू का?" किट म्हणजे त्या व्हिडिओतलं, जो मलाही तीन ग्रुपवरून आला होता. त्यात सांगून राहिले की आहे त्याच मिग मशीनवर (वायर वितळवून वेल्डिंग करणारी) एका टॉर्चमधून दोन वायर सोडा, काम डबल, गॅस अर्धा, स्पॅटर (उडणारे धातूचे थेंब) नाही, आणि मशीन ट्रिप होत असेल तर थर्मल, म्हणजे मशीन जास्त तापली की बंद करणारा स्विच, बायपास करा. मी अठरा वर्षं वेल्डिंगच करून राहिलो, हे ऐकून डोकंच फिरलं.

एक मान्य करतो, दोन वायरची पद्धत खोटी नाही. टँडम मिग म्हणतात, फ्रोनियस, लिंकन या कंपन्यांच्या सिस्टीम आहेत. पण तिथं पॉवर सोर्स दोन, फीडर दोन, टॉर्चमधल्या दोन टिपा एकमेकींपासून इन्सुलेट केलेल्या, टॉर्च पाण्यावर थंड होणारी आणि ती रोबोच्या किंवा कॅरेजच्या हातात. एकाच दिशेनं करंट वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात हे अँपिअरनं १८२० मध्येच दाखवलं, आर्कचंही तसंच होते, म्हणून दोन्ही वायरला करंटचे झटके (पल्स) आळीपाळीनं देतात. किटमध्ये काय आहे? दोन भोकांची टिप आणि दोन खाचांचे रोलर. बस.

मशीन एकच असली की अँपिअर वाटले जातात. ३०० चे दीडशे-दीडशे. वायर तेवढीच वितळते, उलट थोडी कमीच, कारण टिपेबाहेरची वायर करंटनं आधीच तापते ते तापणं करंटच्या वर्गानं वाढते, करंट अर्धा केला की ते पावपट. भाच्यानं मित्राच्या किटवर एक फिलेट (कोपऱ्यातला जोड) मारून आणला होता, वरून बीड (वेल्डची पट्टी) मस्त रुंद, पाहून कोणीही फसेल. मी तो मधोमध कापला, पॉलिश पेपर मारला, तर कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ, रूट, म्हणजे जोडाचा तळ, धरलंच नाही. हाच जोड ट्रॉलीच्या हुकाला असता तर?

आणि ते थर्मलचं, यावर मला खरंच राग आहे. सकाळी शेडवर जाऊन मशीनचं साइड कव्हर उघडलं तर थर्मलच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडलेला, आतून जळक्या वार्निशचा वास, ट्रान्सफॉर्मरची पट्टी काळी पडलेली. काऊन केलं रे? तर म्हणे व्हिडिओत दाखवलं, दुपारी सारखी ट्रिप मारत होती. अरे बाप्पा, नेमप्लेटवर ४०० अँपिअर, ६० टक्के ड्युटी सायकल लिहिलंय, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं. न थांबता चालवायची तर हिशेबानं साधारण ३१० वर यावं लागते. आणि हे रेटिंग आयईसी ६०९७४-१ प्रमाणे ४० डिग्री हवेत काढतात! नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ असते, पत्र्याखाली तर विचारूच नका. त्यात दोन वायर नीट वितळवायला करंट आणखी वाढवणार. मशीन ट्रिप होते ती तुम्हाला वाचवायला होते, आग लागली तर शेजारीच ऑक्सिजन सिलिंडर असतो तिथं.

गॅस अर्धा? नोझल मोठी म्हणजे फ्लो जास्त लागतो. स्पॅटर नाही हे तर अजिबात नाही, आपल्याकडे शुद्ध सीओटू चालते, त्यात स्प्रे ट्रान्सफर, म्हणजे वितळलेल्या धातूची बारीक फवार, होतच नाही, पल्सही कामाचा नाही, त्याला आर्गॉन मिक्स लागते.

आता डबल काम. त्याच सकाळी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एक तास नुसता बसलो. साठ मिनिटांत आर्क पेटलेला किती? चौदा मिनिटं. बाकी वेळ मापं, फिटअप, टॅक (तात्पुरते टाके), जॉब उलटवणं, ग्राइंडर. धरून चाला खरंच डबल स्पीड आली, तरी वाचले सात मिनिटं. बयाण्याच्या पैशात गेटच्या कोपऱ्यांचं एक चांगलं फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) होते, त्यानं टॅकचाच वेळ निम्म्यावर येईल, हे मी स्वतः करून पाहिलंय.

थर्मलवरचा तो वायरचा तुकडा (जंपर) मी काढून खिशात घातला. भाऊ, ज्यांनी व्हिडिओ पाहून तो लावला असेल त्यांनी आज काम सुरू करायच्या आधी मेन स्विच बंद करून काढा.