तालमीत घालून डिप्रेशन जात नाही

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. कोल्हापुरात गंगावेशीतल्या मित्राचा मुलगा खोलीबाहेर येत नाही, कॉलेज सुटलं. त्यावर सल्ला काय, तर मोबाईल काढून घे, तालमीत घाल, चार दिवसांत सरळ हुतंय बघ. डिप्रेशन म्हणे परदेशी थेरं. संताप येतो वाचून.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये झोप लागत नाही म्हणून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे गेलो, तर तिने नऊ प्रश्नांचा कागद पुढे केला. गेल्या 2 आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, कशातच रस उरला नाही, भूक, थकवा, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटणं, जगणं नकोसं होणं. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. 10 किंवा जास्त भरले की डॉक्टर खोलात शिरतात. नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. तिने थायरॉइड आणि बी-12 तपासलं, दारूचं विचारलं, कधी झोपेशिवायही अंगात प्रचंड उत्साह संचारतो का तेही विचारलं, कारण बायपोलर (कधी खोल उदासी, कधी टोकाचा उत्साह असा आजार) असेल तर औषधं वेगळी लागतात. यात परदेशी काय आहे? ही प्रश्नावली मराठीतही आहे.

आज्याला असलं काही नव्हतं म्हणणाऱ्यांनी आपले दवाखाने आठवावेत. डोकं जड, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही, असं सांगणारी माणसं टॉनिक आणि सलाइन घेऊनच परतायची. तालमीला मी नावं ठेवत नाही, व्यायामाचा उपयोग इथले डॉक्टरही सांगतात. पण ज्याला उठून दात घासणं होत नाही, त्याला जोर मारायला लावणं क्रूर आहे.

माझे 16 गुण भरले. तोवर ऑफिसात, शेजारात कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. पेठेत असतो तर दुसऱ्याच दिवशी कुणीतरी जिना चढून आलं असतं, 'काय रं, दिसला न्हाईस.' ती हाक मला आजही हवी आहे, आणि तिला खरं उत्तर द्यायची भीतीही वाटते. ग्रुपवर मी तावातावाने मतं मांडली, स्वतःचं मात्र सांगितलं नाही.

मुलाच्या बापाला तेवढं सगळं सांगितलं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट लागतो, रात्रीसुद्धा. मरावंसं वाटतं का, हे पोराला सरळ विचार. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही. आणि दवाखान्यात त्याला एकट्याला धाडू नको, रजा टाक, सोबत जा.