‘यू०१३१ आला म्हणजे मॉड्यूल गेलं’? थांबा जरा!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: स्टिअरिंग जड झालं आणि स्कॅनरवर यू०१३१ हा बिघाडाचा कोड दिसला, तर ईपीएस मॉड्यूल (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग चालवणारा छोटा कंप्युटर) गेलं समजा, नवीन टाका. कोड पुसल्यावर परत आला नाही, तर काही झालंच नव्हतं.

कोडचा अर्थ त्यात बरोबर दिलाय: पॉवर स्टिअरिंग मॉड्यूलशी संपर्क तुटला. पण हा कोड नोंदवतं कोण? इंजिनाचं मॉड्यूल म्हणजे ईसीएम, ब्रेकचं एबीएस, असं दुसरंच कुणीतरी. तक्रार त्यांची आहे, म्हणून स्कॅनरने आधी ईपीएसलाच हाक मारा. त्याने उत्तर दिलं आणि त्याच्याकडे यू०१००, म्हणजे ‘ईसीएमशी संपर्क नाही’, असा कोड असेल, तर मॉड्यूल जिवंत आहे. संशय मधल्या वायरिंगवर घ्या.

उत्तर आलं नाही तरी लगेच मयत ठरवू नका. फ्यूज, सप्लाय आणि अर्थिंग बघा, तेही लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मल्टीमीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. मी कनेक्टर काढून सप्लाय आणि अर्थिंगमध्ये हेडलाइटचा बल्ब लावतो. एका गाडीत मीटरवर सगळं छान होतं, बल्ब मात्र निखाऱ्यासारखा मिणमिणला. अर्थिंगच्या बोल्टखाली हिरवा गंज होता. मॉड्यूलची ऑर्डर तोवर देऊन झाली होती, हे वेगळं सांगायला नको.

मग कॅनच्या दोन वायरी, म्हणजे ज्यांवरून मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या आसपास आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. पण ६० आले म्हणून निर्धास्त होऊ नका. ईपीएस मधल्या फाट्यावर असेल आणि तो फाटाच तुटला असेल, तरीही ६० च येतात. त्यामुळे मॉड्यूलच्या पिनपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, ते बघावंच लागतं. गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइनी यांच्यामधलं मॉड्यूल) असलेल्या गाडीत तर सॉकेटवर ईपीएसची लाइन दिसेलच असं नाही.

कोड पुसण्याबद्दल एवढंच: पुसण्याआधी सगळ्या मॉड्यूलचे कोड लिहून ठेवा. खड्ड्यात तुटणारा आणि सपाट रस्त्यावर जुळणारा कनेक्टर पुसल्यावर चार दिवस गप्प बसतो.

मॉड्यूल जातच नाही, असं मी म्हणत नाही. बल्ब लख्ख पेटला, कॅनच्या दोन्ही वायरी पिनपर्यंत सलग मिळाल्या, कनेक्टरच्या पिना घट्ट आहेत आणि तरी ते बोलत नाही, तर खुशाल बदला. नव्याला बहुतेक गाड्यांत कोडिंग आणि स्टिअरिंग अँगलचं कॅलिब्रेशन लागतं. ते मेसेजमध्ये कुठेच नाही.