स्पिरिटवाल्या पोस्टमध्ये माझी चूक झालीये
परवा मी लिहिलेलं की मंगळावरच्या हिवाळ्यात नासाच्या स्पिरिट रोव्हरचे (मंगळावर फिरणारी रोबो-गाडी) सोलर पॅनल सूर्यफुलासारखे सूर्याकडे वळायचे. तसं नाहीये. नासाचे त्यावेळचे अपडेट परत वाचले, पॅनल फिक्सच होते, आणि तो होता दक्षिण गोलार्धात, तिथे हिवाळ्यात सूर्य उत्तरेला खाली असतो, म्हणून रूटच असा आखायचे की थंडीआधी उत्तरेकडच्या उतारावर अख्खी गाडी तिरकी लावता येईल, म्हणजे पॅनलवर ऊन पडेल. 2006 मध्ये मॅककूल हिल गाठायची होती पण पुढचं उजवं चाक बंद पडलं, मग ते फरफटत (उलटं चालत!) जवळच्या लो रिज नावाच्या उंचवट्यावर साधारण 11 अंशांच्या तिरकेपणावर भागवलं. 2009 ला वाळूत रुतला, उत्तरेकडे कलता आलं नाही, 22 मार्च 2010 नंतर सिग्नलच नाही. जुनी पोस्ट डिलीट केलीय, कुठल्या ग्रुपवर दिसली तर प्लीज फॉरवर्ड करू नका.